सहाशे यार्डांवर गोळ्यांची उभी माळ: पावडर आणि प्रायमरची जोडी कशी तपासावी

तक्रार दरवर्षी तीच असते. शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातात आणि नेमबाज खूश होतो. घरी भरलेल्या काडतुसांचा तोच डबा घेऊन तो सहाशे यार्डांवर जातो, तर कागदावर गोळ्यांची उभी माळ लागते. डाव्या-उजव्या बाजूला सगळं ठीक, पण एक गोळी वरच्या बाजूला नऊ गुणांच्या कड्यात आणि दुसरी खालच्या. मग तो काडतुसातली पावडर थोडी वाढवतो किंवा कमी करतो, एखादा रविवार बरा जातो, आणि हवा बदलली की माळ परत येते.

मागच्या हिवाळ्यात डॅलसहून एका धाकट्या मित्राचा याच कारणासाठी फोन आला. आवाज अगदी पडलेला. "दादा, रायफलच विकून टाकावी म्हणतोय." त्याची रायफल .308 विंचेस्टर काडतुसाची, बुलेट 175 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप), आणि खेळतो तो एफ-टीआर, म्हणजे दुपायीवर रायफल ठेवून, पोटावर झोपून, लांब पल्ल्यावर नेम धरण्याची स्पर्धा. रायफलमध्ये काही खोट नव्हती. त्याच्याशी पुढचे दोन महिने जे बोलणं झालं ते इथे सविस्तर मांडतो, कारण हाच घोळ मी स्वतः फिनिक्सला दोन हंगाम घातला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सगळं अमेरिकेतलं आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरणं हा जुना आणि कायदेशीर छंद आहे: पितळी पुंगळी, तिच्या बुडातल्या खाचेत बसणारा आणि पिनच्या धक्क्याने पेटणारा प्रायमर, आत पावडर, टोकाला बुलेट. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, तेव्हा पुण्या-कोल्हापुरातल्या वाचकांनी हे घरी करायचं नाही. तिकडच्या नेमबाजांना त्याची गरजही पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला ज्या 50 मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात .22 चं रिमफायर काडतूस असतं, म्हणजे पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच असलेलं. ते पुन्हा भरता येत नाही. त्या खेळात वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या खेपांची, काडतुसं आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो लॉट नळीला मानवतो त्याचा साठा करतात.

आता मूळ प्रश्न. उभा पसारा काडतुसामुळे आहे की आपल्यामुळे, हे ठरवल्याशिवाय पावडरच्या डब्याला हात लावू नका. याची परीक्षा सोपी आहे आणि ती फार थोडे लोक करतात. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावा आणि प्रत्येक गोळीचा वेग क्रमाने लिहा. शेजारच्या रकान्यात ती गोळी कागदावर मध्याच्या किती वर किंवा किती खाली लागली ते लिहा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ही नोंद आपोआप मिळते. कागदाचं असेल तर टार्गेटखालच्या खंदकात बसलेल्या जोडीदाराला प्रत्येक भोकाला नंबर द्यायला सांगा. वीस गोळ्या झाल्या की दोन रकाने शेजारी ठेवून बघा. वेगवान गोळ्या वर आणि मंद गोळ्या खाली असतील तर दोष काडतुसाचा. वेग आणि उंचीचा काही मेळ लागत नसेल, तर दुपायी, खांदा, श्वास, गालाचा दाब, स्कोपचे स्क्रू, मृगजळ इकडे बघा. तिथे पावडर बदलून काहीही होणार नाही.

हिशेब असा. साधारण 2600 फूट प्रति सेकंद वेगाने सुटलेली 175 ग्रेनची बुलेट घेतली, तर वेगात 10 फुटांचा फरक पडला की सहाशे यार्डांवर जवळपास एक इंच उंचीचा फरक पडतो. एफ-क्लासच्या (एफ-टीआर हा त्यातलाच एक गट) सहाशे यार्डांच्या टार्गेटवर दहाचं कडं 6 इंच व्यासाचं असतं आणि त्याच्या आतलं एक्सचं 3 इंचांचं. म्हणजे सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत मंद गोळीत 60 फुटांचं अंतर असेल, तर तेवढ्यानेच दहाचं कडं वरपासून खालपर्यंत भरलं. रायफलचा स्वतःचा पसारा आणि माणसाचा हात अजून त्यात धरलेला नाही. शंभर यार्डांवर हाच फरक डोळ्याला जाणवतसुद्धा नाही, म्हणून तिथला सुंदर ग्रुप फसवतो.

मित्राने त्याचे आकडे पाठवले. पाच गोळ्यांवरून एसडी, म्हणजे वेगाचं प्रमाण विचलन, 8 फूट. हा आकडा त्याने डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिला होता. "एवढा चांगला एसडी आहे, मग माळ का?" माझं उत्तर एवढंच होतं की पाच गोळ्यांवर हा आकडा काढताच येत नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने पाच गोळ्यांवरून 8 निघाला, तर खरा एसडी 5 पासून 23 पर्यंत कुठेही असू शकतो. आणि हे 95 टक्के खात्रीचे आकडे आहेत. वीस गोळ्यांवरून 8 निघाला तर तीच मर्यादा साधारण 6 ते 12 वर येते. या एका गोष्टीमुळे माणसं वर्षानुवर्षं गोल गोल फिरतात. पाच गोळ्यांवर एक पावडर "चांगली" ठरते, पुढच्या पाचांवर "बिघडते", आणि दोन्ही वेळा काडतूस तेच असतं. मी त्याला वीस मारायला लावल्या. एसडी निघाला 19.

मग मी त्याला तीन गोष्टी विचारल्या: पावडर कुठली, प्रायमर कुठला, आणि दोन्ही एकत्र कधीपासून वापरतोस. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा होता. पावडर गोल दाण्यांची, ज्याला इथे बॉल पावडर म्हणतात. प्रायमर साधा लार्ज रायफल. ही जोडी जमली 2021 मध्ये. त्या काळात अमेरिकेत प्रायमर मिळत नव्हते, दुकानाच्या दारात पहाटे रांगा लागायच्या आणि जो डबा हाती लागेल तो लोक घेऊन यायचे. त्याआधी तो त्याच पावडरीबरोबर मॅग्नम, म्हणजे जास्त जोरकस, प्रायमर वापरत होता. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, प्रायमर सगळे सारखेच, आणि याने ते ऐकलं.

सारखे नसतात. प्रायमरचं काम पावडरीला ठिणगी देण्यापुरतं नसतं. तो गरम वायू आणि तापलेले कण पुंगळीच्या आत फेकतो, आणि दाण्यांच्या किती पृष्ठभागाला एकाच वेळी आग लागते हे त्यावर ठरतं. कांडीसारख्या, दाबून काढलेल्या दाण्यांची पावडर, उदाहरणार्थ व्हार्गेट किंवा एच4895, सहसा लवकर पेटते, तिला साधा किंवा मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, दर्जाचा प्रायमर पुरतो. बॉल पावडरच्या दाण्यावर आग सुरुवातीला हळू धरावी म्हणून लेप असतो, आणि बहुतेक बॉल पावडरींत नायट्रोसेल्युलोजबरोबर नायट्रोग्लिसरीनही असतं. ती पेटवायला जरा दांडगी आग लागते. हिवाळ्याच्या सकाळी, गार पुंगळीत, मिळमिळीत प्रायमरवर ती प्रत्येक वेळी वेगळी पेटते. एका गोळीत पटकन, दुसरीत क्षणभर उशिरा. तीच क्रोनोग्राफवरची माळ.

याचा अर्थ लगेच मॅग्नम प्रायमर घाला असा नाही. प्रायमर बदलला की दाब बदलतो. जो मेळ पुस्तकातल्या कमाल वजनाजवळ एका प्रायमरवर ठीक चालत होता, तोच दुसऱ्या प्रायमरवर धोकादायक होऊ शकतो. प्रायमर, पावडरचा लॉट, पुंगळी किंवा बुलेट यांतलं काहीही बदललं तर पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनावर परत जायचं आणि तिथून पायरी-पायरीने वर यायचं. पुस्तक म्हणजे पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्याने छापलेलं. रेंजवरच्या मित्राच्या वहीतला आकडा पुस्तक नव्हे, माझ्या वहीतलाही नव्हे. म्हणूनच या लेखात मी पावडरचं एकही वजन देणार नाही.

नावांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. एच4895 आणि आयएमआर 4895 या दोन वेगळ्या पावडरी आहेत. एच4350 आणि आयएमआर 4350 याही वेगळ्या. आकडा सारखा दिसतो म्हणून एकीचं वजन दुसरीला लावायचं नाही. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा असावा. काम संपलं की पावडर मापायच्या यंत्राच्या भांड्यात उरलेली पावडर त्याच डब्यात परत जाते आणि डबा फळीवर जातो. आणि लार्ज पिस्तूलचा प्रायमर व्यासाने लार्ज रायफलइतकाच असतो, पण उंचीला कमी. टंचाईच्या दिवसांत तो रायफलच्या पुंगळीत बसवून बघणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका.

दुसरं कारण पुंगळीतल्या रिकाम्या जागेचं. मित्राच्या काडतुसांपैकी एक कानाशी धरून हलवलं तर खुळखुळत होतं. बॉल पावडर घट्ट बसते, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा कमी घेते, आणि मग पुंगळीत पावडर इकडून तिकडे सरकते. ती प्रायमरच्या बाजूला साचली तर वेग एक, बुलेटच्या बाजूला साचली तर दुसरा. तपासायचं असेल तर दहा काडतुसं बूड खाली धरून हलकेच ठोका, मग अलगद आडवी करून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, ठेवा. दुसरी दहा बुलेट खाली धरून तशीच. दोन्ही दहांच्या सरासरी वेगात ठळक फरक दिसला तर उत्तर मिळालं. .308 मध्ये 175 ग्रेनच्या बुलेटमागे व्हार्गेटसारखी कांडीची पावडर पुंगळी जवळजवळ भरून टाकते, सरकायला जागाच उरत नाही. लांब पल्ल्याचे नेमबाज तिच्यामागे लागतात त्याचं हे एक कारण.

तिसरं कारण उन्हाळा, आणि इथे मी माझ्या अनुभवावरून बोलतो. फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची मोठी रेंज आहे, तिथे हजार यार्डांपर्यंत मारता येतं. फेब्रुवारीत पहिल्या फेरीला बोटं गारठलेली असतात आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. जुलैत तर सावलीतच 45 अंश. उष्णतेने पावडर जास्त जोमाने जळते, पण सगळ्या पावडरी सारख्या प्रमाणात नाही. हॉजडन कंपनीच्या ज्या पावडरी 'एक्स्ट्रीम' नावाने विकल्या जातात, व्हार्गेट त्यांतलीच, त्या ऑस्ट्रेलियात बनतात आणि तापमानाचा परिणाम कमी व्हावा म्हणूनच घडवलेल्या आहेत. बॉल पावडरींवर हा परिणाम साधारणपणे बराच जास्त दिसतो. म्हणून जानेवारीत जमवलेला मेळ मे महिन्यात बिघडतो, आणि नेमबाज समजतो की नळी झिजली.

माझी चूक याहून धोक्याची होती. मी कमाल वजनाच्या अगदी जवळचा मेळ हिवाळ्यात ठरवला, आणि जूनमध्ये तीच काडतुसं गाडीच्या सीटवर उन्हात तासभर राहिली. तिसऱ्या गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, उचलायला जोर लागला. पुंगळी बाहेर काढली तर बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) गोल ठसा चकचकत होता आणि प्रायमरच्या कडा सपाट होऊन खाचेत पसरल्या होत्या. मी तिथेच थांबलो, उरलेली सगळी काडतुसं घरी नेली आणि बुलेट ओढून मोकळी केली. बोल्ट जड होणं, बुडावर ठसा, चपटलेला किंवा छेद गेलेला प्रायमर, ही जास्त दाबाची लक्षणं; यांतलं काहीही दिसलं की पुढची गोळी मारायची नाही. "उरलेल्या पाचच तर आहेत" हा विचार मनात आला तरी नाही. आता माझी काडतुसं पांढऱ्या झाकणाच्या थर्मासच्या पेटीत असतात, आणि तापलेल्या चेंबरमध्ये वाऱ्याची वाट बघत काडतूस भरून ठेवत नाही. नळी तापलेली असेल तर मिनिटभरातच ते शिजू लागतं आणि गोळी वर जाते.

कोरड्या हवेबद्दलही एक सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. पावडरीत थोडी ओल असते. ॲरिझोनाच्या हवेत झाकण उघडं राहिलं किंवा पावडर यंत्राच्या भांड्यात आठवडाभर पडून राहिली, तर ती सुकते आणि जास्त वेगाने जळू लागते. उघड्या भांड्यातली पावडर आणि बंद डब्यातली पावडर एकाच लॉटची असूनही दोन वेगळ्या पावडरींसारखी वागते. झाकण लावा, एवढाच उपाय.

प्रायमर बसवणं हे काम मी आता हाताच्या यंत्रावरच करतो, कारण बोटांना जे कळतं ते मोठ्या लिव्हरला कळत नाही. आधी प्रायमरची कड खाचेत शिरल्याचा हलका विरोध जाणवतो, मग तो घसरत जातो, आणि शेवटी आतल्या ॲनव्हिलचे, म्हणजे प्रायमरमधल्या छोट्या ऐरणीचे, पाय खाचेच्या तळाला टेकल्याचा एक घट्ट, ठोस थांबा. तो थांबा लागायलाच हवा. नंतर पुंगळीच्या बुडावरून अंगठा फिरवला की प्रायमर पृष्ठभागाच्या किंचित खाली लागतो, साधारण इंचाचे 3 ते 5 हजारांश. वर आलेला प्रायमर फायरिंग पिनचा पहिला धक्का खाली बसण्यातच घालवतो, मग पेटतो एकदा असा, एकदा तसा. मित्राच्या शंभरांपैकी सात-आठ प्रायमर अंगठ्याला वर लागत होते. खाचेत जुनी काजळी साठली होती. ती खरवडून काढल्यावर ते नीट बसले.

पावडर तोलण्याबद्दल आता. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. आमच्या घरात सोनारकाम होतं, म्हणून मला ते असं समजतं की ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेच्या जरा वर. व्हार्गेटची एक कांडी साधारण ग्रेनचा पन्नासावा भाग भरते. आजोबा तराजू पेटीत ठेवायचे आणि तोलताना पंखा बंद करायला लावायचे. श्वास रोखून काट्याकडे बघणारा त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. मित्राचा इलेक्ट्रॉनिक काटा एसीच्या झोताखाली होता, शेजारी मोबाइल चार्जिंगला. तीच पुंगळीभर पावडर त्याने माझ्यासमोर व्हिडिओवर चार वेळा तोलली आणि चार वेगळे आकडे आले, त्यांत 0.3 ग्रेनचा फरक. काटा दुसऱ्या खोलीत, दगडी फरशीवर नेला, अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ दिला आणि दर दहा वजनांनंतर प्रमाण वजन ठेवून तपासायला सांगितलं. तेवढ्याने बराच आजार गेला.

पुंगळीच्या बाजूचं थोडक्यात: एकाच लॉटच्या पुंगळ्या वापरा, मान, म्हणजे बुलेट धरणारा भाग, सारखी घट्ट ठेवा, आणि तापवून मऊ करायची असेल तर सगळ्या एकदम करा. लापुआ कंपनीच्या पाल्मा पुंगळ्या घेतल्यात तर त्यांत स्मॉल रायफल प्रायमर बसतो आणि प्रायमरची आग आत जायचं छिद्र 1.5 मिलिमीटरचं असतं. जुना प्रायमर काढणारी सुई बारीक लावा, नाहीतर ती अडकते किंवा वाकते. त्यात कडाक्याच्या थंडीत प्रायमर जरा जोरकस लागतो, हेही ध्यानात ठेवा.

निवड करायची ती मग अशी. आधी पावडर ठरवा: आपल्या बुलेटच्या वजनासाठी पुस्तकात दिलेली, पुंगळी नव्वद टक्क्यांच्या वर भरणारी, आणि तापमानाला कमी दाद देणारी. तिला साजेसे दोन किंवा तीनच प्रायमर घ्या. मी फेडरल 210एम आणि सीसीआय बीआर-2 एवढेच ठेवतो. प्रत्येक प्रायमरवर सुरुवातीच्या वजनापासून चढत जाऊन, सुरक्षित पातळीवर, कमालीच्या बऱ्यापैकी खाली सगळ्यांना चालेल असं एक वजन ठरवा आणि तेच वजन, तीच बुलेट, बुलेट बसवण्याची तीच खोली ठेवून फक्त प्रायमर बदला. प्रत्येकाच्या वीस गोळ्या, एकाच सकाळी, आलटून-पालटून, म्हणजे नळी तापण्याचा दोष एकाच प्रायमरच्या वाट्याला जाणार नाही. यात चाळीस किंवा साठ गोळ्या जातात आणि खर्च होतो. पण दरवर्षी पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपांत त्याहून जास्त जातात. जो प्रायमर कमी एसडी देतो तो ठेवा. त्यानंतरच पावडरच्या वजनाशी आणि बुलेटच्या खोलीशी खेळायचं. विजयी जोडीचा तोच लॉट मिळाला तर हंगामभराचा एकदम घ्यावा. वहीत लॉट नंबर, तारीख, तापमान आणि सरासरी वेग लिहावा. उन्हाळा आला की त्याच काडतुसांच्या दहा गोळ्या क्रोनोग्राफवर मारून वेग किती चढला ते बघावं आणि स्कोपचं गणित तेवढं सुधारावं. वजनाला हात लावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

मित्राकडे बॉल पावडरचा 8 पौंडांचा डबा अर्धा भरलेला होता. तो टाकून देऊ नकोस म्हटलं. मॅग्नम प्रायमर, सुरुवातीच्या वजनापासून नव्याने चढत, आणि वापर फक्त दोनशे यार्डांपर्यंतच्या सरावासाठी. स्पर्धेसाठी त्याने व्हार्गेट आणि मॅच प्रायमर घेतला. मार्चमध्ये वीस गोळ्यांवर एसडी 9 आला, आणि एप्रिलमध्ये पुन्हा वीसांवर 9. मेच्या पहिल्या रविवारी त्याने सहाशे यार्डांच्या टार्गेटचा फोटो पाठवला. उभा पसारा साडेतीन इंच, सगळ्या गोळ्या दहाच्या कड्याच्या उंचीत. उजवीकडे मात्र चार गोळ्या नवात. त्याखाली त्याने लिहिलं होतं, "दादा, हे वाऱ्याचं आहे ना?" हो, ते वाऱ्याचं आहे.